अकराव्या नंबरची चूक

त्या दिवशी सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान भिंगताईंनी आपल्या सख्ख्या भावाला अडतीस निरोप पाठवले, आणि त्यातला एकही पाठवल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

भिंगताई हे ऑफिसातलं नाव. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे भिंगताई. सॉफ्टवेअर करणारी ती कंपनी एवढी मोठी होती की एखादा माणूस सुट्टीवर गेला की नोकरी सोडून गेला, हे कळायला आठवडा लागायचा. तिथं शेकडो हुशार मुलंमुली दिवसभर काहीतरी घडवत बसायची आणि भिंगताई त्यात खोट काढत बसायच्या. बावीस वर्षं त्यांचं हेच काम. नवा प्रोग्रॅम तयार झाला की तो आधी त्यांच्या टेबलावर यायचा. जिथं नाव विचारलंय तिथं त्या आकडे भरायच्या, जिथं वय विचारलंय तिथं उणे सात लिहायच्या, एकदा दाबायचं बटण तीसदा दाबायच्या, आणि प्रोग्रॅम बिचारा कोलमडला की हनुवटीवरचा जुना व्रण खाजवत शांतपणे तक्रार लिहायला घ्यायच्या. तक्रारीचा नमुना ठरलेला: अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि चूक किती गंभीर.

नोकरीत हा गुण होता. घरी त्याचं काय करायचं, हे बावीस वर्षांत ठरलं नव्हतं. त्यांचा नवरा रविवारी हौसेनं स्वयंपाक करायचा आणि ताट पुढे ठेवताना विचारायचा, "आधी जेवणार, की आधी तपासणार?"

त्या दिवशी तपासायला आला होता तो 'सांधा'. साहेबांची ही लाडकी कल्पना. फोनमधल्या ज्या माणसाशी तुमचं बोलणं बंद पडलंय, त्याची सांधा तुम्हाला आठवण करून देणार. 'या व्यक्तीशी आपण इतके दिवस बोलला नाहीत. काही पाठवायचं का?' असं विचारणार, आणि काय लिहावं हे सुचत नसेल तर तयार मजकूरही देणार. साधा, औपचारिक, खेळकर, हवा तसा.

"माणसाला माफी मागायची असते, ताई," साहेब म्हणाले होते. "फक्त लिहायचा कंटाळा येतो."

 कंटाळ्याचा प्रश्न नसतो हे भिंगताईंना माहीत होतं, पण ते तक्रारीच्या कोणत्या रकान्यात लिहावं हे कळत नव्हतं.

चाचणीची खोली वेगळी होती. बाहेरच्या कप्प्यात आपला फोन ठेवून आत जायचं, कुणी फोटोबिटो काढू नये म्हणून. आतून पाठवलेला कुठलाही निरोप खरोखर बाहेर जायचा नाही, तो एका खोट्या टपालपेटीत पडायचा. समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरात एक नियम लावला होता: 'चाचणीत खऱ्या माणसाची माहिती वापरू नये.' अक्षर भिंगताईंचंच होतं. नियमही त्यांनीच केला होता, एका नवशिक्या मुलीनं चाचणीत आपल्या सासूचा नंबर घातला होता तेव्हा.

आणि तो नियम रोज मोडणारं त्या खोलीत एकच माणूस होतं.

त्याचं असं होतं की नंबरच्या रकान्यात काहीतरी भरावं लागतं, आणि भिंगताईंची बोटं आपली आपण दादाचा नंबर भरायची. त्यांना पाठ असलेला तेवढा एकच नंबर. नवऱ्याचा नव्हता. पाठवणाऱ्याच्या नावात बोटं 'ठकी' लिहायची. दादानं लहानपणी लाकडाची बाहुली करून दिली होती, ती हिच्यासारखीच दिसते म्हणून तो तिला ठकी म्हणायचा, आणि जगात तेवढा तोच म्हणायचा. कंपनीच्या याद्यांत 'ठकी' नावाची एक खोटी बाई गेली कित्येक वर्षं नांदत होती. खोट्या टपालपेटीत जाणार, कुणाला कळतंय, असं भिंगताई मनाला सांगायच्या.

सांधानं आणखी एक रकाना काढला होता. 'शेवटचं बोलणं कधी झालं?' त्यात कुठलीही तारीख चालली असती. बोटांनी खरी तारीख लिहिली. यंत्रानं क्षणात हिशेब करून दाखवला: एक हजार एकशे चाळीस दिवस.

भिंगताई त्या आकड्याकडे जरा वेळ बघत बसल्या.

एक हजार एकशे चाळीस दिवसांपूर्वी दादानं नव्या घरी सगळ्यांना बोलावलं होतं. दादा सुतार. आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि छपन्नाव्या वर्षी स्वतःचं घर बांधलं. चौकटी, जिना, कपाटं, पलंग, सगळं एकहाती. चार वर्षं लागली. आलेली माणसं घरभर फिरून छान, सुरेख, वा म्हणत होती. दादानं सगळ्यांच्या देखत तिला विचारलं, "ठके, तुला कसं वाटलं?"

ती म्हणाली, "लिहून कळवते."

आणि तिनं खरंच लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी, कंपनीच्या नमुन्यात. एकूण सतरा चुका, नंबर घालून, गंभीरतेसकट. एक: पुढच्या दाराची कडी अर्धं बोट खाली बसली आहे. चार: जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच, गंभीर. सात: स्वयंपाकघरातला खण नळाला अडतो. अकरा: वरच्या खोलीची खिडकी गरजेपेक्षा फारच खाली आहे, कारण कळत नाही. सतरा: एकंदरीत काम घाईनं केल्यासारखं वाटतं.

तिला वाटलं होतं आपण मदत केली. ऑफिसात अशी यादी पाठवली की लोक आभार मानतात, निदान तसं लिहितात तरी. दादाचं उत्तर आलं नाही. आठवड्यानं आलं नाही, महिन्यानं आलं नाही. तिनं फोन केला तो वहिनीनं उचलला आणि म्हणाली, "ते कामात आहेत." पुढे तिचंही धाडस होईना. भाचीला नोकरी लागल्याचं तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. माफी मागावी असं शंभरदा मनात आलं, पण माफी नेमकी कशाची मागायची? चुका खऱ्या होत्या, हीच तर पंचाईत होती. खोट्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तर भिंगताईंनी हनुवटी खाजवली आणि कामाला लागल्या.

पहिला निरोप साधा: 'प्रिय दादा, माझं चुकलं. बोलूया का? – ठकी.' दुसरा औपचारिक: 'आदरणीय बंधू, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. – ठकी.' तिसरा खेळकर: 'काय रे दाद्या, अजून फुगलायस का? – ठकी.' चौथ्या वेळी त्यांनी नात्याचा रकाना मोकळा सोडला, तेव्हा निरोप झाला, 'प्रिय येथे नाते भरा, माझं चुकलं.' पाचवा निरोप कोरा. सहाव्यात नुसता एक पूर्णविराम. सातव्यात जागा किती पुरते ते बघायला 'माझं चुकलं' शंभर वेळा, ते शेवटी 'माझं चु' वर तुटलं. आठवा मुद्दाम उलटा: 'माझं काहीही चुकलेलं नाही.' असल्या निरोपाला सांधानं अडवायला हवं होतं. त्यानं तो आनंदानं पाठवला. भिंगताईंनी चूक लिहून घेतली. मग उत्तर न आल्यास यंत्र पुन्हा विचारतं की नाही हे पाहायला त्यांनी 'बोलूया का?' हा एकच निरोप तीस वेळा सोडला.

साडेबाराला पडद्यावर एक ओळ आली. 'उत्तर प्राप्त: १.'

भिंगताई खूश झाल्या. खोटी टपालपेटी उत्तर देऊच शकत नाही, म्हणजे ही चूक चांगलीच मोठी. त्यांनी लगेच नमुना उघडला. अपेक्षित: उत्तर येऊ नये. प्रत्यक्ष: उत्तर आले. गंभीरता: मध्यम. उत्तराचा मजकूर लिहायचा म्हणून त्यांनी तो उघडला.

'काय झालंय तुला निघालोय'

मध्ये ना पूर्णविराम ना स्वल्पविराम. असं लिहिणारं त्यांच्या ओळखीत एकच माणूस होतं.

 भिंगताईंनी सावकाश मान वळवून पलीकडे बसलेल्या कुरळ्याकडे पाहिलं. कुरळ्या म्हणजे सांधा ज्यानं लिहिला तो. पोरगा गुणी, पण दाट केसांत पेन खोचून ठेवायचा आणि मग सगळ्यांना विचारत फिरायचा.

"अरे, आपली टपालपेटी खोटीच आहे ना?"

"खोटीच आहे की, ताई."

"आत्ता?"

कुरळ्याचा हात केसांत गेला. "आत्ता म्हणजे... सकाळी मी अर्ध्या तासासाठी खऱ्या टपालाला जोडली होती. एकच निरोप पाठवून बघायचा होता, माझा मलाच."

"आणि परत तोडलीस."

"मग चहा आला."

 भिंगताई रागावत नाहीत हे बघून कुरळ्या जास्त घाबरला. "किती गेले, ताई?"

"अडतीस."

"एकाच माणसाला?"

"माझ्या भावाला. तीन वर्षं आम्ही बोलत नाही."

कुरळ्यानं भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, मग भिंगताईंकडे, आणि पोरगा गुणी असल्यामुळे त्यावर अवाक्षर काढलं नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "अहो, निरोप परत घ्यायची सोय आहे ना. कालच केलीय. एक बटण दाबलं की सगळे पुसले जातात. त्यांनी सगळे वाचलेही नसतील."

बुडत्याला काडीचा आधार. भिंगताईंनी मान हलवली आणि कुरळ्यानं बटण दाबलं. दोघं पडद्याकडे बघत राहिले. एक ओळ आली, मग दुसरी, मग ओळींमागून ओळी. निरोप पुसले जात नव्हते. प्रत्येक निरोपामागे एक नवा निरोप जात होता.

'ठकी यांनी आपली दिलगिरी मागे घेतली आहे.'

अडतीस वेळा.

"ही सोय कुणी तपासली होती?" भिंगताईंनी विचारलं. 

"तुम्हीच तपासणार होता," कुरळ्या म्हणाला. "गुरुवारी."

भिंगताई धावत बाहेर आल्या आणि कप्प्यातून फोन काढला. वहिनीचे नऊ फोन येऊन गेले होते, नवऱ्याचे चौदा. नवऱ्यानं पहिल्या घंटीलाच उचलला.

"तू आहेस कुठं? बरी आहेस ना?"

"ऑफिसात आहे. मला काय धाड भरलीय?"

"वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, भावजी, ताई ठीक आहेत ना, त्यांनी ह्यांची माफी मागितलीय. मी म्हटलं शक्य नाही. तर म्हणाल्या, शंभरदा मागितलीय. तेव्हा मीही घाबरलो. एकदा मागितली असतीस तर समजू शकलो असतो. मी शाळेतून अर्धी सुट्टी टाकून घरी आलोय. कपाटं बघितली, कुठं चिठ्ठीबिठ्ठी ठेवलीयस का."

"अहो, ती चाचणी होती."

 मग नवरा म्हणाला, "हे तू दादांना सांगणार आहेस?"

त्यांनी फोन ठेवून दादाला लावला. तो उचलेना. दादा प्रवासात फोन पिशवीच्या तळाशी ठेवतो आणि बस थांबल्याशिवाय काढत नाही, हे त्यांना आठवलं. मग वहिनीला लावला. तीन वर्षांनी ऐकलेला आवाज, पण वहिनीनं जणू काल बोलणं झालं असावं तशी सुरुवात केली.

"अडीच तासांचा रस्ता आहे, पावणेबाराच्या बसनं गेलेत. मधे बस थांबली तेव्हा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, ती माफी परत मागतेय."

"परत घेतेय."

"तेच. एकेक करून घेतेय म्हणाले. मी म्हटलं मग या माघारी. तर म्हणाले येतो. दोन मिनिटांनी पुन्हा फोन, की आता निघालोच आहे तर बघून येतो. नक्की काय चाललंय, ताई?"

"वहिनी, मला सांगता येत नाही."

"तीन वर्षं तेच चाललंय," वहिनी म्हणाली, पण रागानं नाही म्हणाली.

भिंगताई जिन्यात जाऊन बसल्या. बस यायला सव्वा तास होता. त्यांनी ठरवलं, दादानं फोन काढला की सगळ्यात वर आपला एक खरा निरोप असायला हवा. आपल्या फोनवरून, आपल्या हातानं लिहिलेला. त्यांनी लिहिलं, 'दादा'. मग स्वल्पविराम दिला. मग तो खोडला. 'तू येतोयस असं कळलं.' खोडलं. 'आधीचे निरोप चुकून गेले.' वाचून बघितलं, तर ते औपचारिक निरोपापेक्षा वाईट होतं. खोडलं. 'यादी पाठवायला नको होती' एवढं लिहून झालं, पण मनातून आवाज आला की तिसरी पायरी उंच होतीच ना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. यंत्रानं दोन तासांत अडतीस निरोप लिहिले, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिणं तपासणाऱ्या बाईला सव्वा तासात एक ओळ जमली नाही. जिन्याचे दिवे माणूस हलला नाही की आपोआप विझायचे. तिथं भिंगताई तीनदा अंधारात बसल्या आणि तीनदा हात हलवून उजेडात आल्या.

अडीचला फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला.

"ताई, एक गृहस्थ आलेत. कुणाला भेटायचं विचारलं तर म्हणाले ठकीला. मी म्हटलं अशा कुणी बाई इथं नाहीत. त्यांनी स्वतःच यंत्रावर नाव टाकलं, तर यंत्रानं पासच काढून दिला. आता यंत्रानं दिलाय म्हटल्यावर मी कसा अडवू? पण ठकी कोण हे काही केल्या कळेना. शेवटी तुमच्या खोलीत फोन लावला, तर ते केसाळ पोरगं रडवेल्या आवाजात म्हणालं, ताईंना सांगा."

पाहुण्यांच्या खोलीत दादा टेबलाखाली हात घालून बसला होता. छातीवर पास होता: 'भेट – ठकी (चाचणीपुरते)'. केस पार पांढरे झाले होते. तीन वर्षांपूर्वी ते कानाजवळच पांढरे होते. भिंगताई दारात उभ्या राहिल्या.

दादाच बोलला. "एवढी मोठी कंपनी. टेबल भुश्शाचं आहे. खालून पट्टी सुटलीय." त्यानं हात बाहेर काढून झटकला. "खुर्चीही करकरतेय."

"दादा."

"हातपाय धड दिसतायत तुझे."

"मला काही झालेलं नाही." भिंगताई समोर बसल्या. खुर्ची करकरली. "दादा, ते निरोप मी पाठवले नाहीत. म्हणजे मीच पाठवले, पण ते बाहेर जायला नको होते. आमचं एक यंत्र आहे, ते माफी लिहितं. मी ते तपासत होते. सगळी चाचणी होती."

हे सांगायचं नाही असं जिन्यात बसून त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण चूक दिसली की नोंदवल्याशिवाय राहवत नाही, ती स्वतःची असली तरी.

"कळलं मला ते," दादा म्हणाला.

"कधी?"

"ते निरोप मागे घेतले जायला लागले तेव्हा पक्कं कळलं. शंका दुसऱ्याच निरोपाला आली होती. आदरणीय बंधू." त्यानं पिशवीच्या तळातून फोन काढून टेबलावर ठेवला. "तू मला जन्मात आदरणीय म्हणायची नाहीस. तो 'माझं काहीही चुकलेलं नाही' वाला मात्र तुझ्यासारखा वाटला. आणि तो कोरा. कोरा बघून वाटलं, हा तुझाच. लिहायला बसली आणि जमलं नाही."

भिंगताईंच्या फोनमध्ये तेव्हाही 'यादी पाठवायला नको होती' एवढंच पडून होतं.

"मग कळल्यावर आलास कशाला एवढ्या लांब?"

"आधी वाटलं नको. मग बसमध्ये बसून विचार केला." दादानं छातीवरचा पास काढून नीट सरळ केला. "यंत्र चुकलं, मान्य. पण यंत्राला माझा नंबर कुणी दिला? ठकी हे नाव कुणी सांगितलं?"

भिंगताई टेबलाच्या सुटलेल्या पट्टीवर नख घासत राहिल्या.

"सांधा म्हणतात त्याला," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "त्या यंत्राला."

"सांधा असा वरून ठोकून बसत नसतो," दादा म्हणाला. "आधी दोन्ही तुकडे घासावे लागतात. ते जाऊ दे. हे बघ."

त्यानं खिशातून एक घडी काढली. कागद इतक्यांदा उलगडला होता की घड्यांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंगताईंनी लांबूनच ओळखला. त्यांचीच यादी. नंबर एक ते सतरा, गंभीरतेसकट. ओळींपुढे सुताराच्या जाड पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा.

"कडी वर घेतली. तिसरी पायरी काढून नवी बसवली, त्यात दीड महिना गेला, मनासारखं लाकूड मिळेना. खणाचं तू बरोबर सांगितलंस, नळाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." तो एकेका ओळीवरून बोट फिरवत होता. "सतरावं काय करायचं ते कळेना. घाईनं केल्यासारखं वाटतं. मग म्हटलं, आता सगळं सावकाश करू. म्हणून एवढा वेळ लागला."

"दादा, तू तीन वर्षं रागावला नव्हतास?"

"पहिलं वर्षभर रागावलो होतो," दादा म्हणाला. "नंतर राग संपला, पण काम अर्धवट होतं. अर्धवट काम दाखवायला कसं बोलावणार तुला? तू परत लिहून कळवलं असतंस."

भिंगताईंना हसू आलं. त्या यादी पुन्हा वरून खाली बघू लागल्या. सवयच ती. सोळा खुणा होत्या. एका ओळीपुढे जागा मोकळी होती.

"अकरा राहिलंय."

"अकरा राहू दे."

"खिडकी फार खाली आहे, असं लिहिलंय मी."

"वाचता येतं मला." दादानं कागदाची घडी घातली. "ती चूक नाही, ठके. जुन्या घराची खिडकी उंच होती. तू माझ्या हत्यारांच्या पेटीवर चढून बाहेर बघायचीस. एकदा पेटी सरकली."

भिंगताईंचा हात हनुवटीकडे गेला आणि तिथंच राहिला. व्रण त्यांना रोज आरशात दिसायचा. पेटी त्या विसरून गेल्या होत्या. पेटी कुणी सरकवली म्हणून बाबांचा मार दादानं खाल्ला होता, हेही. आणि रात्री हनुवटीला फडकं बांधलेल्या बहिणीशेजारी बसून तो म्हणाला होता, रडू नकोस, मी मोठा झाल्यावर घर बांधीन ना, त्यात तुझ्या मापाची खिडकी करीन.

"तेव्हा तू माझ्या कमरेएवढी होतीस," दादा म्हणाला. "माप आठवून केली. पण तू कारण कळत नाही म्हणून लिहिलंस, तेव्हा..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि पास टेबलावर ठेवला. "परतीची बस किती वाजता आहे बघ जरा तुझ्या फोनात."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंगताईंना आत बोलावलं. नियम मोडला होता, तेव्हा कानउघाडणी होणार हे त्यांनी धरलंच होतं. पण साहेबांचा चेहरा फुलला होता. कुरळ्यानं सगळं इमानदारीत सांगितलं होतं, जरा जास्तच इमानदारीत.

"ताई, तीन वर्षांचा अबोला एका दिवसात? आपल्या सांधाचं हे पहिलं यश आहे. जाहिरातीत घेऊया. तुम्ही आणि भाऊ, हातात हात."

"साहेब, त्याला अडतीस निरोप गेले आणि तेवढेच मागे घेतले गेले."

"ते बारीकसारीक सोडा."

"बारीकसारीकसाठीच कंपनी मला पगार देते," भिंगताई म्हणाल्या. मग जागेवर जाऊन त्यांनी घडल्या प्रकाराची तक्रार स्वतःच लिहिली. टपाल कुणी जोडून ठेवलं, बटण कुणी तपासलं नव्हतं, सगळं क्रमानं. 'मूळ कारण' या रकान्यापाशी त्या थांबल्या. तिथं त्यांनी लिहिलं, 'तपासणाऱ्या व्यक्तीला दुसरा नंबर पाठ नाही.' आणि गंभीरतेसमोर 'मध्यम' होतं ते खोडून 'गंभीर' केलं.

रविवारी त्या नवऱ्याला घेऊन दादाच्या घरी गेल्या. दादानं पेन्सिल कानावर अडकवून त्यांना घरभर फिरवलं आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला. कडी सरळ होती. तिसरी पायरी बाकीच्यांच्या रांगेत होती. खण नळाला न लागता पूर्ण उघडत होता. स्वयंपाकघरात एक खुंटी किंचित तिरकी होती, ती भिंगताईंना आत पाऊल टाकताक्षणी दिसली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं डोळ्यांनीच विनवलं. त्या खुंटीकडे पाठ करून म्हणाल्या, "छान झालंय, दादा."

"खुंटी तिरकी आहे, माहीत आहे मला," दादा म्हणाला. "तू बोलतेस का बघत होतो."

वरच्या खोलीत त्या एकट्याच गेल्या. खिडकीला आत रुंद फळी बसवली होती, मांडी घालून बसता येईल एवढी, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. फळीच्या कडा रंध्यानं गोल केल्या होत्या, पडलं तर लागू नये म्हणून. भिंगताई भिंतीला हात टेकत टेकत खाली बसल्या. बाहेर रस्ता होता, कुणाचं तरी वाळत घातलेलं कापड होतं, एक सायकल झाडाला टेकून उभी होती. चढायला काही न लागता सगळं दिसत होतं. किती वेळ गेला ते त्यांना समजलं नाही.

खालून वहिनीनं जेवायला हाक मारली. भिंगताईंनी उठायला जोर लावला आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला. फळीला धरून बघितलं, चौकटीला धरून बघितलं, एका बाजूला कलून बघितलं. एकावन्न वर्षांचे गुडघे, आणि माप सात वर्षांच्या मुलीचं.

"दादा," त्यांनी हाक मारली.

दादा वर आला. दारात उभा राहून त्यानं एकवार सगळं नजरेखालून घातलं.

"खिडकी जरा खाली आहे रे," ठकी म्हणाली.

"लिहून कळव." त्यानं हात पुढे केला, तिनं धरला, त्यानं ओढलं आणि दोघांच्याही तोंडून एकदमच कण्हल्यासारखा आवाज निघाला. ती बोटभरही हलली नाही. दादा पाठीला हात लावून सरळ झाला. "तीन वर्षांपूर्वी येऊन बसली असतीस ना, तर एका हातानं उचललं असतं."

  मग त्यानं जिन्याकडे तोंड करून वहिनीला हाक दिली, "अगं, वर ये जरा. भावजींनाही घेऊन ये. हिला काढायचीय इथनं."

चौघांची पावलं त्या खोलीत मावेनात. वहिनीनं एक हात धरला, दादानं दुसरा, नवरा पाठीमागे उभा राहायला जागा शोधू लागला.

"सावकाश," ठकी म्हणाली. "घाई नको."